खालाच्या टीव्हीत घुसलेली बस

मित्रांनो, मी एक जुना, तळहातात धरून खेळायचा गेम-कन्सोल आहे. राहायला अंबरपेठेत, तिसऱ्या मजल्यावर. मी खोटं बोलत नाही. फार तर थोडं फुगवून सांगतो.

मला रोशनीने हौसेने घेतलं. पण ऑफिसातून तिला वेळ मिळेना, म्हणून मी तिच्या बाबांच्या, निवृत्तीरावांच्या हाती पडलो. या माणसाने सारी उमर शहरात बस चालवलेली. रिटायर झाल्यावर घर त्यांना खायला उठलं होतं. माझ्यातल्या बसच्या खेळात ते असे रमले, की वळणावर सोफासुद्धा वळायचा! एकदा तो अफझलगंजच्या बस स्टॉपपर्यंत जाऊन चहाच्या वेळेला परत आला. त्यांच्या पत्नी सखूबाई म्हणतील, "कुठं गेला नव्हता." त्या तेव्हा स्वयंपाकघरात होत्या, त्यांना काय दिसणार!

मग एक दिवस मी फरशीवर आपटलो. माझा अर्धा पडदा काळा पडला. वरचं आभाळ दिसे, खालचा रस्ता गायब. नवा पडदा कुठे मिळेना. मी खणात गेलो. अंगावर एवढी धूळ साचली, की हरभरा पेरता आला असता. निवृत्तीराव खिडकीत बसून खालच्या बसचे हॉर्न ऐकत राहत. त्यांचं बोलणंच आटलं.

"बाबा, उद्या हा भंगारात देते," मला खणातून काढून त्यांच्या हातात ठेवत रोशनी म्हणाली.

"दे," ते म्हणाले. पण मला हातातून सोडेनात.

तिने ते पाहिलं. "थांबा. याचं चित्र वायर न लावता टीव्हीवर जातं म्हणे. बघू. नाही जमलं तर मात्र द्यायचा हं."

तिने माझ्या उरलेल्या अर्ध्या पडद्यावर टीव्हीचं नाव शोधून दाबलं. टीव्ही काळाच. माझा जीव टांगणीला.

"नाही होत, बाबा."

"अगं, ह्याच्यावर आभाळ तर पळतंय," म्हणत निवृत्तीराव बटणं दाबतच राहिले.

तेवढ्यात भिंतीपलीकडून किंकाळी आली. पाठोपाठ रिमोट परजत शेजारच्या बिलकीस खाला दारात!

"निवृत्तीभाई, ये क्या तमाशा जी? सीरियल में दुल्हन 'कबूल' बोलनेवालीच थी, उस पे बस चढ गई!"

"खाला, टीव्ही कुछ पूछा था क्या?" रोशनीने विचारलं.

"हौ, कुछ तो भी पूछा. मैं ओके दबा दी. मेरेकू क्या मालूम!"

रोशनी हसून हसून खाली बसली. भाव पाडून मिळावा म्हणून दोन्ही घरांनी दसऱ्याला एकाच दुकानातून एकसारखे टीव्ही घेतले होते. नावंही एकसारखीच! चित्र बरोबर गेलं होतं, फक्त शेजारी.

तिने आपल्या टीव्हीचं नाव बदललं आणि पुन्हा दाबलं. भिंतभर रस्ता उजळला. निवृत्तीराव ताठ बसले आणि त्यांनी हात उचलून, तिथे नसलेला आरसा नीट केला.

"निकाह तो गया," म्हणत खाला सोफ्यावर टेकल्या. "अब मेरेकू अफझलगंज उतार देव."

"आगे सरको खाला, आगे जगह है!" कित्येक दिवसांनी निवृत्तीरावांचा आवाज जिन्यापर्यंत गेला.

मित्रांनो, न वाचता ओके दाबणाऱ्या त्या अंगठ्याचा मी जन्मभर ऋणी आहे. तुमच्याही खणात माझ्यासारखा कुणी अर्धा काळा पडून असेल. त्याला टाकण्याआधी एकदा सुरू करून बघा, आणि तो कुणाच्या हातातून सुटत नाही तेही बघा. आमचा सोफा रोज संध्याकाळी निघतो. वाटेत दिसला तर हात दाखवा; निवृत्तीराव थांबवतात.