दाराजवळची जागा

शहाण्णव साली पर्वत पाटिया वस्तीतल्या त्या खोलीत भरतकामाच्या साड्यांचा ढीग मधोमध असे, आणि ढिगाला टेकून सुभद्राआत्या. निंबाची थोरली बहीण. काम तिनं आणलेलं, म्हणून हुकूमही तिचाच. भोवती बायका गोल करून साड्यांमागचे सुटे धागे कातरत. निंबाची मुलगी योगिता सगळ्यांत बाहेर, दाराशी. दोघींच्या मध्ये योगिताची आई पुष्पाबाई, ऐसपैस मांडी घालून.

उद्या रसायनशास्त्राची फेरपरीक्षा होती. "औंदा नापास झाली तर अकरावी बंद अन् कात्री चालू," आत्यानं बजावलं होतं. निंबा बहिणीपुढे कधी बोललाच नव्हता.

योगिता नेहमीसारखी सटकली आणि जिन्यावर पुस्तक उघडून बसली. आयनन ऊर्जा, म्हणजे अणूतला सर्वांत बाहेरचा इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा. तक्त्यात डावीकडून उजवीकडे ती वाढते, वरून खाली घटते. की उलट? मागल्या खेपेला तिनं उलटच लिहिलं होतं.

आतून आत्या ओरडली, "कोठे गयी वं पोर?"

"पानी भराले गयी," आई म्हणाली.

"तापी उपसी राहिनी का?"

बायका खिदळल्या. योगितालाही हसू आलं, आणि अर्ध्यातच थांबलं.

दाराशी बसलेलीला सुटायला जोर लागतच नाही. आत्या लांब, आणि आड आई. तक्त्यात खाली जावं तसं अणूत एकेक कडं वाढतं, आतले इलेक्ट्रॉन आड येतात, केंद्रकाची पकड सैल पडते. आणि रविवारी बाबा आत्याशेजारी येऊन बसले की? कडं तेच, पण मध्ये दोनाचे चार डोळे. हलायची सोय नाही. ओळीत उजवीकडे तसंच, कडं वाढत नाही, केंद्रकाचा प्रभार वाढतो, पकड घट्ट होते.

आता उलट लिहिणं कसं जमणार?

मग तिला दुसरंच काही दिसलं. भिंतीशी टेकायला जागा असून, पाठ दुखत असून, आई वर्षभर तिथंच मध्ये ऐसपैस बसत आली होती. आणि योगिताला वाटायचं, आपणच काय त्या चलाख.

पास झाल्याचं कळलं त्या दिवशी ती घरी येऊन थेट आईला खेटून बसली. आईच्या मांडीवरची साडी तिनं आपल्याकडे ओढली.

"आई, तू भिंतीला टेक ना."

पुष्पाबाईनं मान वर केली नाही. "आठे काबर बठनी? बारावी बाकी शे," ती पुटपुटली. "मांगे सरक."

योगिता मागे सरकली. आई आणखी थोडी पसरून बसली.