तुलसीरामने काढलेले गांधीजी

मी संशयी आहे, हे मला बायकोने सांगायची गरज नाही. एकतीस वर्षं आमच्या बेटावर, पोर्ट लुईच्या बंदरात कस्टमचा कारकून होतो. लोणच्याच्या बरणीच्या तळाशी मनगटी घड्याळं निघालेली मी या डोळ्यांनी पाहिली आहेत. तेव्हापासून मी लोणचंसुद्धा आधी हुंगतो आणि मग पानात वाढून घेतो. शांतीला, म्हणजे माझ्या बायकोला, याचा राग येतो. लोणचं ती घालते ना!

माझा दुसरा दुर्गुण म्हणजे गांधीजी जमवणं. अठ्ठेचाळीस साली त्यांच्या खुनाची बातमी काळ्या चौकटीत छापून आली, तो पेपर मी जपून ठेवला, आणि तिथून सुरुवात झाली. मग तिकिटं आली, मुंबईच्या बोटींवरची कॅलेंडरं आली, मातीचे पुतळे आले. गांधीजी विमानात बसून स्वर्गाला निघालेत आणि देव फुलं टाकतायत, असं एक रंगीत चित्रही माझ्याकडे आहे. व्हाकोआ गावातल्या घरात मागची खोली मी त्यांच्यासाठी ठेवली. ‘देवघराला साधी कडी नाही, आणि तुमच्या खोलीला दोन कुलपं,’ असं शांती येईल त्या पाहुण्याला सांगते.

एकोणसत्तर साली गांधीजींची शताब्दी आली. आमच्या मराठी मंडळाने ठरवलं की दोन ऑक्टोबरला गांधीजींच्या वस्तूंचं आणि चित्रांचं प्रदर्शन भरवायचं. मंडळाचा सेक्रेटरी यशपाल शाळामास्तर. तो कुणावरही विश्वास ठेवतो, म्हणून वस्तू तपासायचं काम माझ्याकडे आलं.

आणि काय वस्तू आल्या! एकोणीसशे एक साली आफ्रिकेतून हिंदुस्थानात जाताना गांधीजी आमच्या बेटावर जेमतेम तीन आठवडे थांबले होते. लोकांचं ऐकलं तर तेवढ्या दिवसांत ते सत्तावीस पेल्यांतून पाणी प्याले, अकरा खुर्च्यांवर बसले आणि चार काठ्या विसरून गेले. एका पेल्याच्या बुडाला तर ‘मेड इन जपान, १९५५’ असंच लिहिलेलं होतं. मी तो आणणाऱ्याला वाचून दाखवलं. त्याने चष्मा आणला नसल्याचं सांगितलं.

जूनच्या सभेत चाळीस माणसांसमोर मी माझी कसोटी सांगून टाकली. एकोणीसशे एकचे गांधीजी बत्तीस वर्षांचे बॅरिस्टर होते. अंगात कोट, डोक्याला पगडी. पंचा नेसलेला, टक्कल पडलेला म्हातारा तेव्हा जगात नव्हताच. तेव्हा ‘आमच्या आज्याने पाहून काढलं’ म्हणून कुणी पंच्यातला गांधी आणला, तर त्याने आल्या पावली परत जावं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. असं शहाणपण पोटात ठेवायचं असतं, पण टाळ्या मलाही आवडतात.

सप्टेंबरात गणपती बुडवून दोन दिवस झाले असतील. एक बाई दोन बसा बदलून पांपलमूसहून आमच्या दारात आली. पन्नाशी उलटलेली, काखेत चादरीत गुंडाळलेली एक फळी.

“बोन्जूर भाऊ. मी विद्यावती. तुलसीरामची लेक,” ती म्हणाली. “माजा बाबा साखरेची गाडी हाकायचा, इस्टेटीवरनं गोदीपरेंत. तितंच त्यानी गांधीजीला पायला. घरला आला न् ह्या फळीवर काढला.”

तिने चादर सोडली. आत पंचा, टक्कल, गोल चष्मा, हातात काठी. कपाळाला कुंकू लावलेलं आणि रंग असा चकचकीत की माझा चेहरा त्यात दिसावा.

मला हसू आवरेना. “हे एकोणीसशे एकचं?”

“व्हय.”

“आणि रंग अजून ओला वाटतोय?”

“गणपतीच्या आदी दर वर्साला हात मारतो नं आमी. घराला चुना, देवाला रंग, गांधीजीला पन रंग. आदी बाबा मारायचा, आता मी मारते.”

आमच्या लोकांत ही पद्धत आहे. माझी आईसुद्धा चतुर्थीच्या आधी दारातल्या मारुतीला नवा रंग देत असे. पण त्या दिवशी मला आई आठवली नाही. मला एवढंच ऐकू आलं, की बाई स्वतःच्या तोंडाने रंग ताजा असल्याचं कबूल करते आहे.

“मना दुसरं काय नको, भाऊ,” ती म्हणाली. “परदर्शनात लावा, न् खाली बाबाचं नाव लिवा. गाव त्याला लबाड तुलसी बोलायचा. मेला, तवा तिरडीमागं पन कोनतरी हसला. मी आयकलं. तेरा वर्सं झाली, आजून माज्या कानात हाय. आयो, का बोलायचे ते आयका तर—”

“सगळे हेच सांगतात, बाई,” मी म्हणालो. “फळी ठेवून जा. तपासतो.”

मी पावती लिहायला घेतली, तर तिने हाताने नको म्हटलं. “तुमच्याकडं हाय म्हंजे देवाकडं हाय.” ती गेली आणि माझा संशय दुप्पट झाला. पावती न मागणारा माणूस बंदरावर मी कधी सरळ पाहिला नव्हता.

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर मी ओसरीवर टर्पेंटाइनची बाटली, जुन्या धोतराचा फडका आणि दाढीचं पातं घेऊन बसलो. वरचा रंग फडक्याने निघाला. तो महिन्याभरापूर्वीचाच होता. त्याखालचे थर मात्र दगडासारखे कडक. टकलाजवळ पात्याने हळूहळू खरवडत गेलो. खपली निघाली, आणि खाली निळं काहीतरी दिसलं.

मी चष्मा पुसला. तासाभरात सगळं वर आलं. निळी पगडी. काळा कोट, गळ्यापर्यंत बटणं. तरुण चेहरा, मिशी. कान मात्र तेच, कुठल्याही कॅलेंडरवर ओळखू यावेत असे.

वीस वर्षं मी कागद आणि माती जमवली. माझ्या खोलीत एकही वस्तू अशी नव्हती, जी त्या माणसाला समोर बघून कुणी केली होती. शांती चहा घेऊन आली आणि कपाळाला हात लावून म्हणाली, “हे काय केलंत? कुणाच्या तरी पूजेतलं चित्र आहे ते!”

“तपासतोय,” मी म्हणालो.

तो कप संपेपर्यंत माझा तुलसीरामवर पूर्ण विश्वास होता. माझ्या आयुष्यातला तो फार चांगला चहा होता. मग कप खाली ठेवला आणि जूनची सभा आठवली. पगडी आणि कोट! माझेच शब्द. चाळीस जणांनी ऐकलेले. तिथून पांपलमूसला पोचायला कितीसा वेळ लागतो? कुठंतरी पाणी मुरत होतं. माझ्यासारख्याला फसवायचं तर पगडी उघड दाखवून चालणार नाही. ती लपवायची, आणि मलाच सापडू द्यायची. स्वतः शोधलेल्या गोष्टीवर माणूस डोळे मिटून विश्वास ठेवतो, आणि हे लबाड लोक ओळखून असतात.

वरचा कडक रंग? त्याचंही उत्तर माझ्यापाशी होतं. रंगवलेली वस्तू चुलीवर धुरात टांगली की तीन महिन्यांत तीस वर्षांची दिसते. बंदरावर असल्या ‘जुन्या’ मूर्ती मी किती पकडल्या आहेत. शेवटची परीक्षा सोपी होती. जुना रंग टर्पेंटाइनच्या एका हाताने निघत नाही. मी फडका भिजवला आणि पगडीवरून फिरवला.

अर्धी पगडी फडक्यावर आली.

मला आनंद झाला. हे लिहिताना शरम वाटते, पण झाला. मग मी थांबलोच नाही. उरलेली पगडी, मिशी, कान, कोट, एकेक बटण. दहा मिनिटांत लाकूड कोरं झालं. फडका पुरावा म्हणून एका डब्यात घालून मी माझ्या पिशवीत ठेवला.

पुढच्या शनिवारी मंडळाच्या हॉलमध्ये सभा होती. विद्यावती आली होती. नवीन पातळ नेसून, गावच्या दोन बायकांना सोबत घेऊन मागच्या बाकावर बसली होती. मी कोरी फळी दोन्ही हातांनी वर धरली आणि सगळं सांगितलं. पंच्याखाली पगडी कशी निघाली, ती एका हातात कशी पुसली गेली, माझीच कसोटी चोरून माझ्यावरच कशी वापरली. “तुलसीराम नावाच्या माणसाने गांधीजींना पाहिलं असेल, तर मी व्हिक्टोरिया राणीला पाहिलं आहे,” असंही म्हणालो. लोक खो खो हसले. मागून कुणीतरी ‘लबाड तुलसी’ म्हणालं. म्हणजे नाव व्हाकोआपर्यंतसुद्धा माहीत होतं. विद्यावतीच्या सोबतच्या बायका मान खाली घालून उठल्या आणि निघून गेल्या. यशपाल जमिनीकडे बघत होता.

सभा संपली. लोक आत चहा प्यायला थांबले. मी पिशवी खांद्याला लावून, फळी आणि तिची चादर हातात घेऊन व्हरांड्यात आलो, तर विद्यावती खांबापाशी उभी होती. आता ही रडणार किंवा भांडणार, म्हणून मी तयारीत राहिलो.

तिचा चेहरा उजळलेला होता.

“भाऊ, पगडी होती?” तिने विचारलं. “खरंच होती? तुमी पायलीत?”

“होती. निळी.”

“न् कोट? बटनावाला?”

“होय. पण बाई—”

“मी कदी नाय पायली,” ती म्हणाली, आणि आता तिचे डोळे भरले. “माज्या जन्माच्या आदीची ती. आजी फळी पेटीत ठेवायची, आमा पोरांना दाखवत नव्हती. बाबा सांगायचा, पगडी काडलेली, कोट काडलेला. मग कालांदरं यायला लागली. उगडा गांधी, टकला गांधी. गाव बोलला, तुलसी, तू कोनतरी वकीलबाबू पायलास, गांधी कुठं पगडी घालतो? दर गणपतीला दारात येऊन हसायचे. मी ल्हान होती, मना आठवतं. एक वर्सी बाबानी रंग आनला, न् पगडीवर टक्कल काडला. त्या दिशी तो जेवला नाय. हेच तर सांगत होती मी तुमाला घरी.”

तरी माझी जीभ चाललीच. “पण तो रंग ताजा होता. एका हातात निघाला.”

“रंग कुठला, भाऊ? त्या टायमाला कुलीच्या घरात रंग कुठनं यायचा? दिव्याचं काजळ, कपड्याची नीळ, न् खोबरेल. बोट लावला तरी निघायचं. म्हनून तर आजी कोनाला शिवू देत नव्हती.”

खाली ताजा आणि वर जुना, असा रंग कधी कुणी पाहिला आहे का? हा साधा प्रश्न मी एकतीस वर्षांच्या नोकरीच्या तोऱ्यात धुराचं उत्तर देऊन उडवला होता. तो फडका फिरवण्याआधी नीट विचारायला हवा होता.

“तुमी कशानी पुसलंत?” तिने एकदम विचारलं. “फडका असंल नं? त्याच्यावर काजळ असंल, नीळ असंल. काजळ काय रंगाच्या दुकानात मिळतं? लोक आजून आत हायत. चला, आता दाखवू. तुमी बोललात की समदे मानतील.”

फडका माझ्या खांद्याच्या पिशवीत होता. डब्याचं झाकण काढायचं, दहा पावलं आत जायचं आणि चाळीस माणसांना सांगायचं: माझ्या बेटावर गांधीजींना समोर पाहून काढलेलं एक चित्र होतं, आणि ते मी पुसलं. तिच्या बापाचं नाव त्याच क्षणी सुटलं असतं. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली. त्या हॉलमध्ये मी एकदाही चुकलो नव्हतो.

“फडका बायकोने चुलीत घातला,” मी म्हणालो. माझा हात पिशवीच्या बंदावर घट्ट होता.

मला वाटलं, ती माझ्या हाताकडे बघेल. मी असतो तर बघितलं असतं. पिशवीत काय आहे असं विचारलं असतं, शांतीला गाठून विचारलं असतं, घरी येऊन चुलीतली राख बघितली असती.

“जाऊ द्या मग,” विद्यावती लगेच म्हणाली. “पेटला तर पेटला. तुमी सोताच्या डोळ्यानी पायलंत, मना तेवडं बस. सत्तर वर्सांत बाबावर विश्वास ठेवनारा येक तरी मानूस गावला.”

तिने माझ्या हातातली कोरी फळी घेतली, चादरीत नीट गुंडाळली, मला दोन्ही हात जोडले आणि बसच्या थांब्याकडे गेली. आतून यशपालने चहाला हाक मारली. मी गेलो, आणि सगळ्यांबरोबर चहा प्यालो.