ओठावरचा मार

गुणाजीचा मार कसा असतो ते विचारावं त्याच्या पोराला, स्वरूपला. अठ्ठ्याण्णव साली सावंतवाडीच्या लग्नाच्या बँडमधल्या महादूने या आठ वर्षांच्या पोराच्या हातात ट्रम्पेट दिलं, गोव्याहून आणलेली जाझची कॅसेट ऐकवली, आणि पोरगं बिघडलंच म्हणा ना! पाठीवर मार खायचा आणि पुन्हा वाजवायचं. अकरा वर्षं हेच चाललं.

दोन हजार नऊच्या डिसेंबरात पणजीच्या एका हॉटेलातल्या जाझ बँडने त्याला बोलावलं. सोमवारी वाजवून दाखवायचं, पसंत पडलं तर नोकरी. शनिवारी सकाळी तो सुरूच्या बनात एक लांब सूर घोटत बसला. आता रापणकराच्या पोराला एवढी अक्कल नको? समोर रापण, किनाऱ्यावरून ओढायचं भलंमोठं जाळं, लागली होती! होडी जाळ्याचा वळसा पुरा करून किनाऱ्याला टेकली की गुणाजी शंख फुंकतो, मगच ओढायचं. माणसं दोर खांद्यावर घेऊन, समुद्राकडे पाठ करून उभी होती. बनातून सूर आला, त्यांना वाटलं शंखच, आणि त्यांनी ओढलं. वळसा अर्धाच झाला होता. बांगड्यांचा अख्खा थवा डोळ्यांदेखत निसटला.

माणसं बनात घुसली. लाथा, बुक्क्या, शिव्या. मग हातात वल्हं घेऊन गुणाजी आला. स्वरूपने सवयीने पाठ पुढे केली. बापाने वल्हं टाकलं, केस धरून पोराचं तोंड वर केलं आणि ओठांवर मूठ हाणली. पुन्हा हाणली. दात तुटला, ओठ फाटला.

"आता वाजव! बघतंय कसो जातंस तो गोव्याक!"

म्हणजे हा मार बांगड्यांसाठी नव्हताच! स्वरूपच्या डोळ्यांत रक्त उतरलं. त्याने पडलेलं वल्हं उचललं आणि बापाच्या उजव्या हातावर घातलं. हाड मोडल्याचं सगळ्यांनी ऐकलं. मग मात्र एकही माईचा पूत पुढे आला नाही.

सोमवारी पणजीत तो ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून वाजवत होता. सूर फाटत होता, हनुवटीवरून रक्त ओघळत होतं, पण गडी थांबला नाही. बँडमास्तरने विचारलं, "कोणी मारलं रे?"

"पडलंय," स्वरूप म्हणाला. मास्तरने त्याला ठेवून घेतलं आणि ओठाला टाके घालून आणले.

आठवड्याने त्याने घरी फोन केला. आईने, पद्मावतीने, हुंदके देतच सांगितलं.

"बापाशीचो हात कायमचो गेलो रे. डॉक्टरान इचारल्यान, कोणी मारल्यान म्हणान. त्येणी सांगितल्यान, पडलंय."

स्वरूपला हंबरडा फोडावासा वाटला. पण ओठाचे टाके उसवले असते, म्हणून तो तोंड मिटूनच रडला.