जोडीदार आहे, पण हा नव्हे

शर्मिष्ठाने एका पल्सारचा जोडीदार तारा शोधल्याची बातमी पेपरात आली आणि मिठबावात, तिच्या गावी, तिचा सत्कार ठरला.

पल्सार म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा. हा तर सेकंदात शेकडो गिरक्या घेणारा. असा वेग येतो तो शेजारच्या ताऱ्याचं द्रव्य ओढून घेतल्यानेच. शेजारी होताच, पल्सारकडून येणाऱ्या रेडिओ स्पंदनांवरून ते नक्की कळत होतं; दुर्बिणीतून मात्र तो कुणाला दिसला नव्हता. शर्मिष्ठाला काही वर्षांपूर्वीच्या छायाचित्रांत त्या जागी एक फिकट ठिपका सापडला होता.

सत्काराच्या दिवशी सकाळी नवी छायाचित्रं आली. मधल्या वर्षांत पल्सार आकाशात किंचित सरकला होता. ठिपका जागचा हलला नव्हता. जोडीदार असता तर तोही सरकला असता. हा मागचा, भलताच तारा होता.

तिने पुण्याला मार्गदर्शकांना फोन केला.

"आत्ता गप्प राहा," ते म्हणाले. "प्रकल्पाला मुदतवाढ मिळू दे, मग बघू."

"सर, मी आज संध्याकाळी सांगणार आहे."

"मग चूक कबूल करणाऱ्या शोधनिबंधावर माझं नाव नसेल."

"नसू दे."

आई, सुभद्रा, दारातून ऐकत होती. "गावभर फ्लेक्स लागले आसत गो. लोकांका काय सांगतलंस?"

"खरा ता."

"हसतीत."

"हसांदेत."

संध्याकाळी शाळेच्या सभागृहात गावच्या मंडळाचा अध्यक्ष निलेश शाल घेऊन पुढे आला. तिने हात आडवा धरला.

"आधी ऐका. पेपरात इला ता चुकीचा. मी दाखवलंय तो तारो त्या पल्सारचो नाय. चूक माझी, ती मीच खोडतलंय."

मागे कुणीतरी हसलं. निलेश पुटपुटला, "ह्या आजच कित्याक?"

"आज शाल घातलास तर उद्या माझा तोंड उघडूचा नाय."

"मग आता शोधूचा सोडतलंस?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"सोडूचंय नाय. जोडीदार आसा. आमच्या दुर्बिणीक अजून दिसाक नाय, इतकाच."

टाळी वाजली नाही. निलेशने शाल घडी करून पिशवीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुकानदाराने सुभद्राला मुलीवरून छेडलं, "चेडवाचो तारो हरवलो म्हणे?"

"हरवलो नाय," ती म्हणाली. "तिनाच सोडल्यान."

चूक दुरुस्त करणारा निबंध शर्मिष्ठाच्या एकटीच्या नावावर निघाला. प्रकल्पाला मुदतवाढ मिळाली, पण तीत तिची जागा राहिली नाही. तिने परदेशातल्या मोठ्या दुर्बिणीवर वेळ मागितला; नकार आला. त्याच आठवड्यात तिने पुन्हा अर्ज केला.