मालकीण डावीकडे बसते

गाडी शशिकलाबाईंच्या नावावर होती आणि चालवायचे गजाननराव. यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. अमरावतीजवळ मोर्शीकडच्या माहेरच्या संत्र्याच्या बागेतला वाटा भावाने मोकळ्या मनाने दिला, त्यातून चंदीगडला बदली होऊन आल्या आल्या ही पांढरी गाडी घेतली. शोरूममध्ये फुलांचा हार, पेढे, हातात भली मोठी पुठ्ठ्याची चावी घेऊन शशिकलाबाईंचा फोटो, सगळं रीतसर झालं. फोटो निघाला आणि खरी चावी गजाननरावांच्या खिशात गेली. तिथे ती चार वर्षं होती.

गजाननराव केंद्र सरकारच्या एका खात्यात बऱ्यापैकी वरचे अधिकारी. काम म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या फायली तपासायच्या आणि त्यात काय राहिलं ते शोधायचं. त्यांच्या टेबलावरून फाईल पहिल्या फेरीत पास झाली असं आजवर घडलेलं नाही. एका पानावर तारीख नाही म्हणून त्यांनी एकदा दीडशे पानांची फाईल परत धाडली होती, आणि ही गोष्ट ते पाहुण्यांना चहाबरोबर सांगत. हाताखालचे लोक त्यांना 'ऑब्जेक्शन साहेब' म्हणत. ते त्यांना माहीत होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

शशिकलाबाईंनी बावन्नाव्या वर्षी गाडी शिकायची ठरवलं. सेक्टर बावीसमधल्या एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. शिकवणारे सरदारजी एवढे शांत की समोरून बस आली तरी जांभई देत. "मॅडमजी, क्लच नूं प्यार नाल छड्डो," म्हणजे क्लच प्रेमाने सोडा, हा त्यांचा एकच मंत्र. बाईंनी तो मनावर घेतला, दोन महिन्यांत चंदीगडचे सगळे गोल चौक पालथे घातले आणि पहिल्याच परीक्षेत लायसन्स मिळवलं. घरी पुरणपोळी झाली. गजाननरावांनी लायसन्स उलटसुलट करून पाहिलं, त्यात काही चूक सापडली नाही, म्हणून परत दिलं.

पण लायसन्स मिळणं वेगळं आणि गाडी मिळणं वेगळं. रविवारी सकाळी सेक्टर चौतीसच्या रिकाम्या पार्किंगमध्ये चार चकरा मारायला मिळत. एकदा पिंजौरपर्यंत चालवायला मिळाली, तीही जाताना. येताना म्हणे ट्रॅफिक होता. पाऊस असला की रस्ता ओला, ऊन असलं की डोळ्यांवर येतं, आणि दोन्ही नसलं की "आज राहू दे, मी थकलोय, मला लवकर पोचायचंय." नाही म्हणायचं नाही आणि द्यायचंही नाही, यात गजाननरावांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

अशात नेपाळचं निघालं. निघालं ते बाईंच्याच डोक्यातून. एका दुपारी फोनवर नकाशा बघता बघता त्यांच्या लक्षात आलं की चंदीगडहून अमरावतीपेक्षा नेपाळ निम्म्याने जवळ आहे. माहेरापेक्षा परदेश जवळ! त्यांना एकदम हसू फुटलं. विमान नको, व्हिसा नको, आपली गाडी घ्यायची आणि सरळ दुसऱ्या देशात शिरायचं. त्यांनी संध्याकाळी विषय काढला आणि सोबत आपली अट सांगितली.

"सरहद्द ओलांडून पुढची गाडी मी चालवणार."

"देतो ना," गजाननराव म्हणाले. "हाव म्हटलं ना एकदा."

शशिकलाबाईंनी हे 'देतो ना' अठ्ठावीस वर्षं ऐकलं होतं. पण या वेळी त्यांनी मनाशी गाठ मारली. एवढं एक हवंच. बाकी साड्या नकोत, दागिने नकोत, पण दुसऱ्या देशातला पहिला रस्ता माझ्या हाताखालून जाऊ दे.

गजाननराव तयारीला लागले. आता कागद आले म्हटल्यावर त्यांना काय, माशाला पाण्यात सोडलं. गाडीचं आरसी बुक, विमा, प्रदूषणाचा दाखला, सगळ्यांची ओळखपत्रं, त्यांचं स्वतःचं लायसन्स, 'माझी गाडी माझे पती चालवतील' असं बाईंचं संमतीपत्र, प्रत्येकाच्या तीन तीन प्रती. प्रत्येक प्रतीवर 'सत्यप्रत' म्हणून झोकदार सही. वर अनुक्रमणिका. फाईल एवढी जाड झाली की गाडीत तिला स्वतःची जागा लागली. संमतीपत्रावर सही करताना बाईंचा हात जरा अडला, पण गजाननराव म्हणाले, "अगं, नुसती फॉर्मॅलिटी आहे," आणि बाईंनी सही केली.

निघाले तिघं. मागच्या सीटवर मुलगी, ऋचा. मोहालीत एका आयटी कंपनीत होती. वडिलांच्या बदल्यांपायी तिचं बालपण तीन राज्यांत झालेलं. मराठी सगळी कळायची, पण तोंड उघडलं की हिंदी बाहेर पडायची. गाडी तिला येत नव्हती आणि शिकायची घाईही नव्हती. "मैं तो कैब वाली हूँ," असं ती अभिमानाने सांगे.

पहिल्या दिवशी गजाननरावांनी उत्तराखंडापर्यंत चालवली. मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी सकाळी बनबसा आलं. शारदा नदीवरचा बंधारा, त्यावरचा अरुंद पूल, सायकली, टांगे, डोक्यावर गाठोडी घेतलेली माणसं, सगळ्यांमधून गजाननरावांनी गाडी काढली. नदी एवढी निळी की शशिकलाबाईंना बघतच राहावंसं वाटत होतं. आपल्याकडची नोंद झाली. मग थोडं पुढे नेपाळची चौकी. तिथल्या जकात कचेरीला भन्सार म्हणतात, आणि परदेशी गाडीला आत न्यायचा परवाना तिथे मिळतो.

"आता मी," बाई म्हणाल्या.

"परवाना तर घेऊ दे. मग बघू. पुढं हायवे आहे म्हणतात, वर्दळ असते."

बघू! शशिकलाबाईंचे कान तापले. एवढा पाचशे किलोमीटरचा रस्ता, आणि शेवटी बघू. त्या गाडीतून उतरल्या आणि नवऱ्याच्या मागोमाग खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

खिडकीत एक तरुण कर्मचारी होता, डोक्यावर टोपी, हसरा. गजाननरावांनी फाईल अशी काही आत सरकवली की जणू नेपाळ सरकारला ती भेट देत आहेत. तो एकेक पान उलटत गेला. अनुक्रमणिका पाहून त्याच्या भुवया वर गेल्या. "सर, इतना सुंदर फाईल तो हमने कभी देखा नहीं," तो म्हणाला. गजाननराव दोन इंच उंच झाले.

मग तो एका पानावर थांबला. ते जवळ धरलं. लांब धरलं.

"सर, लाइसेन्स तो खतम हो गया।"

"कौन सा?"

"आपका। अठारह दिन हो गए।"

"ऐसा हो ही नहीं सकता," गजाननराव म्हणाले, आणि फाईल आपल्याकडे ओढून त्यांनी दुसरी प्रत काढली. तिच्यावरही तीच तारीख. मग तिसरी काढली. तिसऱ्या प्रतीवर तारीख निराळी असेल असं त्यांना का वाटलं, देव जाणे. मग पाकिटातून अस्सल लायसन्स निघालं. तेही बिचारं खरंच बोलत होतं. वाढदिवसाच्या दिवशी संपलेलं. त्या दिवशी ऑफिसात केक कापला होता आणि संध्याकाळी बसून याच लायसन्सच्या तीन प्रतींवर सही ठोकली होती. दुसऱ्याचा कागद असता तर पहिली नजर तारखेवर गेली असती. स्वतःचा होता, म्हणून न वाचताच सत्य.

ऋचाला आधी हसू आवरेना. तिने ओढणी तोंडात कोंबली. शशिकलाबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांना नवऱ्याचा चेहरा दिसत होता. पन्नाशी ओलांडलेला माणूस शाळेत पकडल्या गेलेल्या मुलासारखा दिसत होता आणि त्यांना त्याची दया आली. खरंच आली.

"म्हणजे मी कालपासून..." गजाननराव पुटपुटले. "म्हणजे चंदीगडपासून इथवर... बिनलायसन्सचा..." त्यांनी फाईल बंद केली. "चला. परत जाऊ. चंदीगडला. बस्स."

"पापा," ऋचा ओढणी काढून म्हणाली, "वापस भी कौन चलाएगा?"

गजाननरावांनी फाईल उघडली. मिटली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना आक्षेप सापडला नाही.

कर्मचाऱ्याने पेन टेबलावर वाजवलं. मागे रांग वाढली होती. "गाडी किसके नाम पे है?"

"मेरे," शशिकलाबाई म्हणाल्या.

"लाइसेन्स?"

त्यांनी पर्समधून काढून दिलं. नवं कोरं, कोपरेही न मळलेलं. त्याने तारीख पाहिली, नाव पाहिलं, आरसीवरचं नाव पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. "अरे, ये तो एकदम आसान है। मालिक भी आप, चालक भी आप।" गजाननरावांच्या फाईलमधलं संमतीपत्र त्याने बाजूला काढून परत दिलं. "इसका काम नहीं।"

आणि आता, आता जेव्हा सगळं मनासारखं झालं होतं, तेव्हा शशिकलाबाई घाबरल्या. साफ घाबरल्या. पार्किंगमधल्या चकरा, पिंजौरपर्यंतचा एक रस्ता, एवढ्या भांडवलावर आपण परदेशात गाडी घालणार? काही झालं तर? नवरा एवढा मोडून पडलेला असताना त्यालाच दाखवून दिल्यासारखं होईल का? एक क्षण त्यांना वाटलं, म्हणावं, राहू दे, ड्रायव्हर भाड्याने मिळतो का बघू.

"कितने दिन का परमिट, मॅडम?"

"तीन," गजाननराव सवयीने म्हणाले.

तो कर्मचारी त्यांच्याकडे बघतही नव्हता. तो बाईंकडे बघत होता. अठ्ठावीस वर्षांत कुठल्या कचेरीच्या खिडकीतून कुणी असं त्यांच्याकडे, उत्तराची वाट बघत, पाहिलं नव्हतं. भीती तशीच होती, पण तिच्या वरून काहीतरी हलकं हलकं चढत आलं आणि जिभेवर येऊन बसलं.

"सात," शशिकलाबाई म्हणाल्या.

"शशी! सात दिवस काय करशीन तू तिथं?"

"तुमची रजा दहा दिवसांची आहे. अर्ज मीच टाईप केला होता."

ठप्पा बसला.

गाडीत बसल्यावर पहिल्यांदा त्यांनी सीट पुढे घेतली. मग आरसे फिरवले. चारही दिशांनी त्यांना आपलाच चेहरा दिसेल असे ते झाले होते, म्हणून पुन्हा फिरवले. गजाननराव डावीकडे बसले, आणि त्यांना पट्टा कुठल्या बाजूने ओढायचा तेच कळेना. गाडी सुरू झाली आणि बंद पडली. पुन्हा सुरू झाली, टुणकन उडी मारून बंद पडली. मागच्या ट्रकने भोंगा दिला. चहाच्या टपरीवरची चार माणसं पेले हातात घेऊन बघायला उभी राहिली.

"क्लच! क्लच सोड! नाही, दाब! अगं..."

"प्यार नाल," शशिकलाबाई स्वतःशीच म्हणाल्या, आणि क्लच सोडला, जीव लावून सोडला. गाडी निघाली.

चहावाल्यांनी टाळ्या वाजवल्या! ऋचा मागून किंचाळली, "मम्मा, यू आर इन नेपाल!" आणि शशिकलाबाईही किंचाळल्या. काय बोलल्या ते कुणालाच कळलं नाही, त्यांनाही नाही. दुसरा गिअर. तिसरा. दोन्ही बाजूंना कापलेल्या भाताची शेतं, वर धुतल्यासारखं आकाश, दूर उत्तरेला डोंगरांची फिकट ओळ. रस्त्यात एक म्हैस आडवी आली. बाईंनी ब्रेक मारला, म्हैस थांबली, दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि म्हशीने वाट दिली. त्यांना एवढं हसू आलं की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. ते बोटाने पुसावं म्हणून त्यांनी एक हात सोडला, तर गजाननराव ओरडले, "दोन्ही हात! दोन्ही हात!"

गजाननरावांचा उजवा पाय सारखा खाली जात होता. तिथे ब्रेक नव्हता, पण ते दाबत होते. ई-रिक्षा आली की दाब, सायकल आली की दाब. "डावीकडं घे. अगं, जास्त झालं. आता उजवीकडं. हॉर्न दे. एवढा मोठा नको." बाई काही घेत होत्या, काही सोडत होत्या. एका बसला त्यांनी मागे टाकलं, तेव्हा गजाननरावांनी डोळे मिटले आणि ऋचाने फोनवर अख्खा प्रसंग टिपला.

महेंद्रनगर आलं. दुकानं, पाट्या, गर्दी. गजाननरावांनी खोली आधीच ठरवून ठेवली होती, हमरस्त्यावरच.

"ते बघ, ते हिरवं हॉटेल. इंडिकेटर दे. दे इंडिकेटर. शशी... अगं, गेलं! हॉटेल मागं गेलं!"

"बघितलं मी."

"मग थांबव ना!"

"मला अजून थांबायचं नाही, अहो."

दुकानं विरळ झाली, मग संपली. समोर हमरस्ता सरळसोट पूर्वेकडे पळत होता. शशिकलाबाई आवाज न चढवता बोलू लागल्या.

"नागपूरला गेलो तेव्हा तुम्ही म्हणालात, उतर, आता इथं राहायचं. मी उतरले. भोपाळला उतरले. गुवाहाटीला उतरले, तिथं तर सहा महिने रडत होते, तुम्हाला माहीतही नाही. चंदीगडला उतरले. कधी विचारलं नाही, पुढं काय आहे. आज एक दिवस मी म्हणेन तिथं उतरू."

एक ट्रक समोरून आला आणि गेला. गजाननरावांचा पाय हलला नाही.

"गुवाहाटीला रडत होती?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मला सांगितलं काहून नाही?"

"तुम्ही कारण लेखी मागितलं असतं."

त्यांना हसू आलं. नको असताना आलं, नाकातून आलं. मग ते तोंडावर हात फिरवून म्हणाले, "पुढं काय आहे?"

"माहीत नाही," शशिकलाबाई म्हणाल्या, आणि हे दोन शब्द म्हणताना त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी ते पुन्हा म्हटले. "काहीच माहीत नाही!"

"बरं," गजाननराव म्हणाले. त्यांनी मांडीवरची फाईल मागे ऋचाकडे दिली, सीट ऐसपैस मागे सरकवली आणि खाली वाकून बूट काढून ठेवले.