सावळीरामांचा कप्पा

रविवार कारंजाजवळच्या एका वाचनालयाच्या मंडळावर मी नऊ वर्षं होतो. माझं काम मुख्यतः सही करण्याचं. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो, म्हणजे विज्ञानाची पुस्तकं मला कळत असणार, असा मंडळाचा समज होता. तो मी दूर केला नाही.

मल्हारी पगारे तिथला बाइंडर. जिन्याखालच्या खोलीत खळीचं पातेलं, पुठ्ठ्यांची चळत आणि तो, असे तिघे राहायचे. एक्क्याऐंशी साली जमिनींच्या मातीवरचं एक जुनं पुस्तक शोधत मी त्या खोलीत गेलो. पुस्तक मिळालं, पण एकटं नव्हतं. भिंतीतल्या कप्प्यात लाल कापडात बांधलेली सात जाडजूड पुस्तकं ओळीनं उभी होती. सातांच्याही पाठीवर सोनेरी अक्षरांत एकच नाव होतं, सावळीराम. आडनाव नाही, पदवी नाही. नावाखाली बारीक अक्षरांत विषय: गुरांचे आजार, कूळकायदा, त्रिकोणमिती, विहिरींचे झरे, सूतगिरणीची यंत्रं, मोडलेली हाडं आणि मला हव्या असलेल्या जमिनी.

पहिल्यांदा मला वाटलं, हा सगळा एकाच माणसाचा व्यासंग. मग छपाईची सालं पाहिली. पहिलं एकोणीसशे अकराचं, शेवटचं चौऱ्याहत्तरचं. इतकं जगून इतकं लिहिणारा माणूस एव्हाना टपाल तिकिटावर यायला हवा होता.

"सात जण हायेत सर," मल्हारी म्हणाला. "येकमेकांना वळखत बी नसतील."

त्यानं कात्री बाजूला ठेवली आणि सगळं सांगितलं. त्याच्या बापाचं नाव सावळीराम. देवळाली छावणीत साहेबांची बदली झाली की पुस्तकांच्या पेट्या डोक्यावरून स्टेशनापर्यंत न्यायच्या, हे त्याचं काम. जन्मभर पुस्तकं वाहिली, उघडलं एकही नाही. आजोबाचं नाव नातवाला ठेवायचं या रिवाजानं मल्हारीच्या मुलाचं नाव सावळीराम ठेवलं. पोरगा हुशार निघाला आणि त्यामुळेच नावाला वैतागला. शाळेत पोरं "सावळ्या, पाणी आण" म्हणायची. मॅट्रिकला बसायच्या आधीपासून त्याची भुणभुण चालू होती की हे नाव शिकलेल्या माणसाचं नाही.

मल्हारीनं वाद घातला नाही. त्यानं पुरावा गोळा करायला घेतला. बांधणीला येणाऱ्या प्रत्येक पुस्तकाचं पहिलं पान तो बघू लागला. अडचण अशी की विद्वान माणसं आपलं नाव लपवतात. पुस्तकावर नुसता एस असतो. मग मल्हारी प्रकाशकाच्या पत्त्यावर कार्ड टाकायचा: आपल्या नावातील एस म्हणजे काय, ते कृपा करून कळवावे. अकरा वर्षांत त्यानं दोनशेच्या वर कार्डं टाकली. उत्तरं आली त्यांत शंकर, सीताराम, सदाशिव यांचाच भरणा होता. एका गृहस्थांनी, तुम्हाला काय करायचे आहे, असं विचारलं होतं. पण हाडांच्या डॉक्टरांनी मात्र दोन पानी पत्र लिहिलं होतं. त्यांनाही लहानपणी पाणी आणायला सांगत. ते पत्र मल्हारीनं पुस्तकाच्या शेवटी बांधूनच टाकलं होतं.

कप्प्यात सातव्या पुस्तकानंतर एक लाकडी ठोकळा होता. तीन बोटं जाड, पुस्तकाएवढाच उंच. पुस्तकं कलंडू नयेत म्हणून असेल असं मी धरून चाललो.

"पोरानं हे पाहिलंय?"

नव्हतं पाहिलं. बाप जिथं खळ ढवळतो त्या वाचनालयाची पायरी पोरगा चढत नव्हता. बापानं बोलावून तो येणार नव्हता आणि मल्हारीला तसं बोलवायचंही नव्हतं. पोरगा तेव्हा माझ्याच वर्गात, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होता. "सर, तुमी त्याला येखादं पुस्तक आणाया धाडा," मल्हारी म्हणाला. "पुस्तक शोधत आला तर त्याचं त्याला दिसंल."

मी हो म्हटलं. मग परीक्षा आल्या, पेपर तपासणी आली, आणि मी विसरलो. विसरलो असं म्हणणं सोपं आहे म्हणून म्हणतो.

पुढच्या वर्षी मंडळाच्या बैठकीत अकरावा विषय निघाला. नव्या चिटणीसांना खालच्या खोलीतली सात पुस्तकं सापडली होती. पुस्तकं विषयाच्या कपाटात नाहीत, पाठीवर लेखकाचं आडनाव नाही. उद्या कुणी नुसता मल्हारी म्हणून सही करील आणि पगार मागेल, असं ते म्हणाले. सगळे हसले. ठराव झाला: पुस्तकाच्या पाठीवर लेखकाचं आडनावासकट नाव असावं आणि पुस्तक त्याच्या विषयाच्या कपाटात जावं. ठराव अगदी बरोबर होता. ती पुस्तकं त्या खोलीत का आहेत ते मला एकट्याला ठाऊक होतं. पण सांगायचं तर बाइंडरचा मुलगा, त्याचं नाव, त्या नावाला कोण का हसतं, हे सगळं काढावं लागलं असतं. आम्ही सुशिक्षित माणसं बैठकीत असले विषय काढत नाही. चिवडा संपला होता. मी सही केली.

त्याच महिन्यात पोरगा माझ्या घरी आला. अंबडच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मुलाखतीला गेला होता. वर्गात पहिला आलेला मुलगा. साहेबांनी अर्जावरचं नाव वाचलं, त्याच्याकडे पाहिलं आणि सांगितलं, "शिपायांच्या मुलाखती उद्या आहेत." त्यानं प्रमाणपत्र पुढे केलं तेव्हा साहेबांनी माफीही मागितली. नोकरी दुसऱ्याला दिली.

त्याच्या हातात नाव बदलण्याचा अर्ज होता. ओळखीच्या प्राध्यापकाची सही हवी होती. नवं नाव संजीव.

आता मला मल्हारीची आठवण झाली. मी म्हटलं, सही करतो, पण आधी वाचनालयातून एक पुस्तक आणून दे. चिठ्ठीवर लिहिलं: सावळीराम, जमिनी. त्यानं चिठ्ठी वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता निघाला. मला घरी बसवेना, म्हणून मीही मागून गेलो.

कप्पा रिकामा होता. मल्हारीनं ठराव पाळला होता. सातही पुस्तकांच्या पाठीवर स्वतःच्या हातानं पांढऱ्या चिठ्ठ्या डकवून, त्यांवर आडनावं घालून, त्यानं ती वर नेऊन ठेवली होती. पोरगा दारात उभा. बापानं माझ्याकडे एकदाच पाहिलं. धोतराला हात पुसून तो पुढे झाला, "चल, दावतो" म्हणाला.

मग बापलेक कपाटा-कपाटाकडे गेले. कायद्याच्या कपाटातून एक काढलं, वैद्यकाच्या कपाटातून एक. गणिताचं कपाट माळ्यावर होतं, तिथे शिडी लावली. मल्हारी प्रत्येक पुस्तक लेकाच्या हातात देई, तो पाहून परत करी. सोनेरी सावळीरामच्या शेजारी पांढरी चिठ्ठी पाटील म्हणत होती. पुढे देशमुख, वाणी, शुक्ल. शेवटचं कपाट शेतीचं. तिथे जमिनींचं पुस्तक होतं आणि त्याला टेकून तो लाकडी ठोकळा.

पोरानं पुस्तक उघडलं नाही. बराच वेळ चिठ्ठीवरून अंगठा फिरवत राहिला.

"सगळी मोठी माणसं आहेत, बाबा," तो म्हणाला. "आडनावं बघा. आपल्यातला एकही नाही."

"नाय," मल्हारी म्हणाला. "म्हणून तर जागा ठिवलीय."

पोरानं ठोकळ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता तो अर्ज फाडील. गोष्टीत फाडतात. त्यानं बापाच्या खांद्यावर हात ठेवला, शांतपणे म्हणाला की पुस्तक लिहीपर्यंत जगायला नोकरी लागते, आणि पुस्तक घेऊन निघून गेला. जिन्याशी माझ्याजवळ थांबून त्यानं अर्ज पुढे केला. मी सही केली. माझी सही चांगली वळणदार आहे.

मंडळाच्या त्या बैठकीत दोन वाक्यं बोललो असतो तर आडनावं झाकलेलीच राहिली असती. त्यानं काही बदललं असतं असं मी म्हणत नाही. बोललो नाही एवढंच म्हणतो.

गॅझेटात नाव आलं. संजीवला पुण्याला नोकरी लागली, पुढे संशोधनही त्यानं तिथेच केलं. मल्हारी मला पूर्वीसारखाच नमस्कार करायचा. मुलाला पत्र लिहिताना मायन्यात तो काय नाव घालतो, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

अठ्ठ्याऐंशीच्या मार्चमध्ये, मल्हारीच्या निवृत्तीला तीन आठवडे राहिले असताना, त्यानं मला खाली बोलावलं. टेबलावर टंकलेल्या कागदांचा गठ्ठा होता. घोटीकडच्या भातखाचरांच्या मातीतलं लोह, हा विषय. पीएच.डी. मिळाली होती. पुण्यात हजार बाइंडर असताना एक प्रत पोरानं सुट्या कागदांची धाडली होती, वाचनालयाला भेट म्हणून. मी संदर्भांची यादी चाळली. पहिल्याच पानावर जमिनींचं पुस्तक होतं. बाकी सगळ्या लेखकांची आद्याक्षरं दिली होती, या एकाचं नाव मात्र पूर्ण लिहिलेलं. बहुधा टंकलेखकाची चूक नसावी.

मल्हारीनं लाल कापड काढून ठेवलं होतं. सोनेरी वर्ख हातात घेऊन तो थांबला.

"नाव कोन्तं घालू, सर?"

त्याला ठराव तोंडपाठ होता. तरी विचारत होता. मनात आलं म्हणावं, तुम्हाला हवं ते घाला, मी मंडळाचं बघतो. या वेळी मी बोललोसुद्धा. अगदी हेच बोललो.

त्यानं गठ्ठ्याच्या पहिल्या पानावरच्या नावावर बोट ठेवलं. मग म्हणाला, "नको. त्यानं कमावलंय त्याच नावानं." आणि एकेक अक्षर दाबत त्यानं घातलं: संजीव मल्हारी पगारे. मधल्या नावाचं पहिलं अक्षर अजून तिरकं आहे.

दुसऱ्या दिवशी पुस्तक सुकल्यावर आम्ही दोघं वर गेलो. विषय माती, म्हणजे शेतीचं कपाट. ठरावाप्रमाणे दुसरीकडे ठेवताच आलं नसतं. पोरानं नेलेला जमिनींचा सावळीराम परत येऊन आपल्या जागी होता. त्याच्या शेजारी सहा वर्षांची धूळ घेऊन ठोकळा उभा होता.

मल्हारीनं ठोकळा काढला. त्या जागी पुस्तक सरकवलं, बरोबर बसलं. मग दोन्ही पुस्तकांच्या पाठी तळहातानं एका रेषेत करून त्यानं ठोकळा सदऱ्याला पुसला आणि पिशवीत घातला.

"ह्यो वाचनालयाचा नाय सर," तो म्हणाला. "घरून आणला व्हता."