डेटानाथांचा प्रसाद आणि कांदाभजी

"हिरवं झालं! हिरवं झालं!"

तालुक्याच्या गावी, वाशीच्या बाजारात, खताच्या दुकानावरच्या ऑफिसात नुसती झुंबड उडाली होती. जिन्यात माणसं, खिडकीत माणसं आणि मधोमध गळ्यात पेनड्राइव्हची माळ घातलेले डेटानाथ महाराज! सकाळपासून लाल दिवा दाखवणाऱ्या संगणकाला त्यांनी तांबडा नाडा गुंडाळला, 'प्रसाद' म्हणून मंत्र लिहिलेली एक फाइल चढवली आणि पापणी लवायच्या आत दिवा हिरवा. मालक शिवशरण तर लोटांगणाच्याच बेतात होते.

"ॐ क्लिकाय नमः, सर्व्हराय नमः!" महाराज गरजले. "यंत्राला नजर लागली होती, बेटा. आम्ही उतरवली."

सुट्टी संपवून सास्तूरहून परतलेली प्रीती कशीबशी आत घुसली. द्राक्षबागेवर कुठलं औषध किती फवारायचं, ते सांगणारं ॲप इथं बनायचं. त्यात कुणी काही बदललं की यंत्र आपोआप तपासायचं. ठीक असलं तर हिरवा दिवा, आणि नवा आकडा थेट शेतकऱ्यांच्या मोबाइलवर. चूक असली तर लाल, आणि सगळं जागच्या जागी थांबायचं. ती तपासणी प्रीतीनंच लिहिली होती.

"सर, लाल कशानं झालं होतं?"

"काय माहीत! इंग्रजीत हातभर लिहून येतंय, कोण वाचतंय?"

वाचायला कंटाळा, पण लोटांगणाला तयार! प्रीतीनं कपाळावर हात मारला आणि स्वतःच वाचलं. बुरशीच्या औषधाचं प्रमाण लिटरला तीन ग्रॅम होतं, त्याचं तीस झालं होतं. कुणाचं तरी बोट शून्यावर पडलं होतं.

तेवढ्यात गर्दीतले द्राक्षबागायतदार ज्ञानोबाकाका ओरडले, "आलं बगा मोबाइलवर! लिटरला तीस. पोरं पंप घेऊन बागंतच हायती, लावतो फोन."

"काका, थांबा! बाग जळंल!"

"आगं, खुद महाराजांनी हिरवं केलंय की."

"मग मीबी करून दावते. ते बघा आन मग लावा फोन."

तिनं आधी मोबाइलकडं जाणारी वाट बंद केली. मग मुद्दाम प्रमाण टाकलं: लिटरला तीन हजार ग्रॅम. दिवा लाल! आता तिनं नवी फाइल उघडली आणि मोठ्यानं वाचत लिहिलं, "कांदा उभा चिरावा. ओवा चोळून घालावा. पाणी घालू नये." बटण दाबलं.

दिवा हिरवागार!

"अगं बाई, भजी पावली!" बागायतदार धुरपदाबाई जिन्यातनं किंचाळल्या, आणि खालपर्यंत हशा पसरला.

"कांदा सात्त्विक असतो, बेटा..." महाराज चाचरले.

"व्हय? मग चातुर्मासात आमाला सोडायला का लावता वो?" धुरपदाबाईंनी विचारलं.

हसू ओसरल्यावर प्रीती म्हणाली, "काका, दर वेळी सगळंच तपासायला लई वेळ लागतो, म्हणून यंत्र फक्त बदललेल्या फायली तपासतं. पण आमची एक चूक झालीय. ते फक्त शेवटच्या खेपेत काय बदललं, तेवढंच बघतंय. आधीच्या खेपेत चुकीचा आकडा आला, लाल झालं. मग प्रसाद आला. यंत्र म्हणालं, नवीन एवढंच, यात तपासण्यासारखं न्हाय काही. झालं हिरवं! आन तो आकडा न तपासताच आत गेला."

"म्हंजी राखणदार निस्ता शेवटच्याचंच तोंड बगतोय!" काका म्हणाले.

"बरोबर!" प्रीतीनं तिथल्या तिथं राखणदाराला नवा हुकूम दिला: पहिली चूक शिरण्याआधी जेव्हा सगळं ठीक होतं, तेव्हापासून जे जे बदललं ते सगळं तपास. "महाराज, चढवा आता प्रसाद."

महाराजांनी चढवला. लाल. मंत्र म्हणून चढवला. तरी लाल!

"आदी कुटं करत हुतास रं ह्यो धंदा?" धुरपदाबाईंनी दरडावलं.

"पुण्याला... कंपनीत," महाराज पुटपुटले. "त्यांनी काढून टाकलं."

जिन्यात पुन्हा खसखस पिकली. प्रीतीनं आकडा दुरुस्त केला, मोबाइलची वाट उघडली. यंत्रानं या वेळी चांगला वेळ घेतला, एकेक तपासलं आणि मगच हिरवा दिवा लावला. काकांचा मोबाइल वाजला. लिटरला तीन. काकांनी आकडा दोनदा वाचला. "पोरी, पोटच्या लेकरावानी वाढवलीय बाग. मघाच फोन लागला असता तर?"

म्हणून सांगतो, मंडळी, हिरवा दिवा दिसला की हात जोडू नका. आधी विचारा, नक्की तपासलं काय? विचारल्यानं कुठलाही देव रागावत नाही. रागावतो तो फक्त महाराज.

काका पुढं झाले आणि संगणकाचा तांबडा नाडा सोडवायला लागले.

"अहो, तो कशाला?" शिवशरण दचकले.

"ऱ्हाऊ द्या," काका नाडा खिशात घालत म्हणाले. "वेली बांधायला हुईल."